नर्स व्हायला किती वर्षं लागतात आणि पगार कधी सुरू होतो? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे आहेत, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचे. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. प्रॉस्पेक्टसवर छापलेली वर्षं आणि पहिला पगार हातात पडेपर्यंतची वर्षं हे दोन वेगळे आकडे आहेत. घरचा हिशोब दुसऱ्या आकड्यावर मांडा.

१. कोर्स पास झालं की आपण नर्स झालो ना? मग नोंदणी वेगळी कशाला?

परीक्षा पास होणं हे शिक्षण झालं. नर्स म्हणून काम करण्याचा हक्क मात्र नोंदणीने मिळतो. आपल्या राज्यात ही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषद करते आणि तिला आधार आहे १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाचा. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांची नोंद ‘आरएनआरएम’ म्हणजे परिचारिका आणि प्रसाविका अशी होते. एएनएमची (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे सहायक परिचारिका) नोंद ‘आरएएनएम’ म्हणून वेगळ्या रजिस्टरवर होते. नोकरीच्या मुलाखतीत मार्कांच्याही आधी विचारला जातो तो नोंदणी क्रमांक.

२. एएनएम, जीएनएम, बीएस्सी : कशाला किती वर्षं?

एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. जीएनएम पूर्वी साडेतीन वर्षांचं होतं, म्हणून घरातली एखादी मावशी किंवा आत्या वेगळा आकडा सांगेल. तीही खरंच सांगते, फक्त तिच्या वेळचं. आता इंटर्नशिपचे सहा महिने तीन वर्षांच्या आतच धरले जातात. बीएस्सीला आठ सेमिस्टर असतात आणि आठवं सेमिस्टर म्हणजेच इंटर्नशिप.

बीएस्सीच्या परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं (अभिमत विद्यापीठांची व्यवस्था वेगळी). परीक्षेनंतरच्या काळासाठी प्रश्न ७ पाहा.

३. ताई, मुलीने बारावी आर्ट्समधून केली आहे. दार बंद झालं का?

बीएस्सीचं दार बंद झालं, कारण तिथे बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं आणि खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के. प्रवेशही राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. जीएनएमला मात्र आर्ट्स-कॉमर्सवाले चालतात. बारावीला किमान ४० टक्के हवेत आणि इंग्रजी विषय असायला हवा. सायन्सवाल्यांना प्राधान्य असतं, इतकंच. एएनएमलाही कोणतीही शाखा चालते.

आर्ट्समधून आलेल्या मुलींना पहिल्या वर्षी शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्र जड जातं. सहा महिने नेटाने काढले की त्या बरोबरीला येतात.

४. आमच्या गावाजवळ सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स आहे, शंभर टक्के नोकरी सांगतात. घ्यावा का?

तो नर्सिंगचा कोर्स नाही. सहा महिन्यांत किंवा एका वर्षात कोणीही नोंदणीकृत नर्स होत नाही. जनरल ड्युटी असिस्टंट, पेशंट केअर असिस्टंट असे छोटे कोर्स असतात. ते रुग्णसेवेतल्या मदतनिसाचे आहेत. काम प्रामाणिक आहे आणि नोकरीही लागते, पण पगार मदतनिसाचा आणि पुढची वाटही मदतनिसाची. मदतनीस व्हायचं म्हणून जरूर घ्या. नर्स व्हायचं म्हणून घेऊ नका.

प्रवेशाआधी दोन गोष्टी स्वतः तपासा : संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद तिथल्या मुलांची नोंदणी करते का. ऑफिसातल्या क्लार्कच्या तोंडी ‘हो’वर फी भरू नका.

५. शिकत असताना स्टायपेंड किती मिळतो? इंटर्नशिपमध्ये तर पूर्ण ड्युटी असते.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि यामागची अपेक्षा बहुतेक वेळा एमबीबीएसच्या इंटर्नकडे बघून तयार झालेली असते. नर्सिंगमध्ये चित्र तसं नाही. शिक्षणाच्या वर्षांत तुम्ही कर्मचारी नसता, विद्यार्थी असता. जे मिळतं ते विद्यावेतन. काही सरकारी आणि महापालिका संस्थांत ते मिळतं, बहुतेक खासगी कॉलेजांत मिळत नाही. मिळालं तरी त्यावर घर चालेल अशी आशा धरू नका. मेसचं बिल आणि गावी जाण्यायेण्याचं भाडं निघालं तरी पुष्कळ, असं धरून चाला.

दुसरी बाजूही खरी आहे. बीएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप २२ आठवड्यांची, आठवड्याला ४८ तासांची. मुलं सकाळ, दुपार, रात्र अशा तिन्ही पाळ्या करतात, औषधं देतात, ड्रेसिंग करतात, नातेवाइकांना समजावतात. इतकं काम करून हातात काही न पडणं मला पटत नाही, आणि विद्यार्थी संघटनांची विद्यावेतनाची मागणी रास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण मागणी रास्त आहे म्हणून ती तुमच्या प्रवेशाच्या वर्षी मान्य होईल असं समजून कर्जाचे हप्ते आखू नका.

प्रवेश घेताना तीन गोष्टी लेखी मागा : विद्यावेतन आहे का, असल्यास दरमहा किती, आणि ते खात्यात जमा होतं की फीमधून वळतं केलं जातं. तिसरा मुद्दा पालक विसरतात आणि मग वर्षअखेरीस वाद होतात.

६. दिवसा कॉलेज करून रात्री एखाद्या नर्सिंग होममध्ये काम केलं तर?

करू नका. नोंदणी नसताना नर्सचं काम करणं बेकायदेशीर आहे. इंजेक्शन चुकलं, रुग्णाला रिअ‍ॅक्शन आली, तर मालक हात वर करेल आणि नाव तुमचं येईल.

शिवाय हजेरीचा नियम कडक आहे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. पण प्रात्यक्षिकांची हजेरी अखेरीस १०० टक्के भरल्याशिवाय पदवी किंवा प्रमाणपत्र मिळत नाही. बुडवलेली प्रत्येक वॉर्ड पोस्टिंग सुट्टीत भरून काढावी लागते. रात्रभर जागून कमावलेले चार पैसे पुढे कोर्स लांबण्यात जातात. पैशांची निकड असेल तर शिकवण्या घ्या किंवा डेटा एंट्रीसारखं रुग्णाशी संबंध नसलेलं काम करा, तेही सुट्टीत.

७. शेवटची परीक्षा झाली. नोंदणी क्रमांक यायला किती दिवस? तोवर काम मिळेल का?

पहिल्याच परिच्छेदात म्हटलेला दुसरा आकडा इथे तयार होतो. परीक्षा, मग निकाल, मग गुणपत्रिका आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, मग परिषदेकडे अर्ज आणि कागदपत्रांची पडताळणी. कागद नीट असतील तर काही आठवडे, एखादा दाखला अडकला तर काही महिने. म्हणून बीएस्सीची चार वर्षं मनात साडेचार धरा, आणि सरकारी भरतीची वाट बघणार असाल तर त्याहून जास्त.

काही रुग्णालयं या काळात ‘ट्रेनी’ म्हणून घेतात आणि कमी पैसे देतात. अशा वेळी नियुक्तिपत्रात एक ओळ असायलाच हवी : नोंदणी क्रमांक मिळाल्याच्या तारखेपासून स्टाफ नर्सचा पगार लागू. ती नसेल तर वर्षभर ट्रेनीच राहाल. आणि ट्रेनी असताना नोंदणीकृत सिस्टरच्या देखरेखीखालीच काम करा, एकटीने वॉर्ड सांभाळायला सांगितला तर नम्रपणे नाही म्हणा.

तुमच्याकडून उशीर होऊ द्यायचा नसेल तर दहावी, बारावी, आधार आणि कॉलेजच्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे पहिल्या वर्षीच बघा. सर्वांत जास्त अर्ज याच कारणाने परत येताना मी पाहिले आहेत.

८. सरकारी रुग्णालयात सुरुवातीचा पगार किती?

राज्य शासनात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात. सातव्या वेतन आयोगानुसार तिची वेतनश्रेणी एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. सुरुवात ३५,४०० च्या मूळ वेतनाने. त्यावर महागाई भत्ता आणि शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता. वर्षाची वेतनवाढ साधारण तीन टक्के, म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर मूळ वेतन ३६,५००. कपात होते ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून त्याच्या १० टक्के, शिवाय व्यवसाय कर.

एएनएम झालेली मुलगी जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका म्हणून लागते. तिची श्रेणी एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१००. एक वर्ष जास्त शिकलं की मूळ वेतनात दरमहा जवळपास दहा हजारांचा फरक पडतो, हे एएनएम की जीएनएम अशा विचारात असलेल्यांनी कागदावर मांडून बघावं.

बढतीची शिडी अधिपरिचारिका, परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर), मग अधिसेविकेच्या (मेट्रन) पदांकडे अशी जाते. ती हळू चढते. वयाची अट राज्याच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३.

९. केंद्राच्या नोकरीत जास्त मिळतं म्हणतात. खरं का?

खरं आहे. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसर हे पद लेव्हल ७ वर आहे : मूळ वेतन ४४,९०० पासून. वर नर्सिंग भत्ता (सातव्या वेतन आयोगाने महिना ७,२०० ठरवला होता) आणि गणवेशाचा भत्ता वेगळा. एम्सची भरती नॉरसेट या सामाईक परीक्षेतून होते आणि त्यात नागपूरचं एम्सही येतं.

एक मेख आहे. नॉरसेटला बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. अनुभवाचा दाखला देताना खाटांची संख्या त्यावर लिहून घ्या. वीस खाटांच्या दवाखान्यात चार वर्षं राबून हा दाखला मिळत नाही, आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. रेल्वेतही नर्सिंगचं पद लेव्हल ७ वरच आहे आणि तिथे जीएनएम चालतं.

१०. एनएचएमची कंत्राटी नोकरी घ्यावी की कायम नोकरीची वाट पाहावी?

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत स्टाफ नर्सला महिना २०,००० आणि एएनएमला १८,००० असं एकत्रित मानधन दिसतं. त्यावर महागाई भत्ता नाही, निवृत्तिवेतन नाही, करार दर वेळी नव्याने. त्याच वॉर्डात शेजारच्या टेबलवर बसलेली कायम अधिपरिचारिका तेच काम दुपटीहून जास्त पगारात करते. हे मनाला लागतं, आणि लागायलाच हवं.

तरी माझा सल्ला : घ्या, पण अभ्यास सोडू नका. नोंदणीनंतर रिकामं बसलेलं वर्ष कोणत्याच अर्जात मोजलं जात नाही. कंत्राटी अनुभव अनेक ठिकाणी मोजला जातो.

११. खासगी रुग्णालयात किती पगार मागावा? मला बारा हजार सांगितले आहेत.

मागताना हातात काय आहे ते समजून घ्या. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी निर्देश दिले आणि केंद्राने समिती नेमली. समितीची शिफारस अशी : २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सइतका असावा. १०० हून जास्त खाटा असतील तर तो सरकारी पगारापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावा. ५० ते १०० खाटांना ही सूट २५ टक्क्यांपर्यंत. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या छोट्या रुग्णालयातसुद्धा किमान २०,००० रुपये. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सोयी, वाहतूक आणि निवास हेही सरकारी धर्तीवर असावं.

हे पाळलं जातं का? फार कमी ठिकाणी. शिफारशी राबवणं राज्यांवर सोपवलं गेलं आणि तिथेच गाडं अडलं. म्हणून मुलाखतीत ‘कायद्याने तुम्हाला द्यावंच लागेल’ असं म्हणून फायदा होत नाही. पण शिफारशीचा आकडा माहीत असणं आणि तो शांतपणे बोलून दाखवणं याने फरक पडतो. बारा हजारांवर सुरू करायचंच असेल, तर सहा महिन्यांनी पगार वाढवण्याची तारीख नियुक्तिपत्रात लिहून घ्या.

हातात नेमकं किती पडेल हेही विचारा. भविष्यनिर्वाह निधीत मूळ वेतनाच्या १२ टक्के जातात. पगार २१,००० पर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) पाऊण टक्का जातात, पण त्यात कुटुंबाचे उपचार होतात, म्हणून ती कपात वाईट समजू नका. महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. तो कापला असेल तर विचारा. रात्रपाळीचा भत्ता, ओव्हरटाइम आणि आठवड्याची सुट्टी हे तोंडी ठेवू नका.

१२. आधी जीएनएम करून नोकरी, मग पोस्ट बेसिक. की सरळ बीएस्सी?

जीएनएमची तीन आणि पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन, म्हणजे पदवीपर्यंत पाच वर्षं. सरळ बीएस्सीला चार. वेळेचा विचार केला तर बीएस्सी पुढे आहे. पण घरात लवकर पगार येणं गरजेचं असेल तर जीएनएमवाली मुलगी एक वर्ष आधी कमावती होते. ज्या घरात धाकटी भावंडं शिकत आहेत तिथे हे वर्ष मोठं असतं, आणि त्यासाठी जीएनएम निवडणाऱ्या मुलीला कोणी कमी लेखू नये. मात्र प्रश्न ९ मधली अनुभवाची अट लक्षात ठेवून पहिली नोकरी मोठ्या रुग्णालयात धरा.

जीएनएम बंद होणार अशी चर्चा वर्षानुवर्षं ऐकू येते. झालेली नोंदणी त्याने रद्द होत नाही.

१३. एएनएम झालं आहे. जीएनएमला एक वर्ष सूट मिळते का?

नाही. प्रवेशासाठी पात्र ठरता, पण तीन वर्षं पूर्ण करावी लागतात.

१४. फी परवडत नाही. कर्ज काढावं का?

आधी सरकारी कॉलेज आणि शिष्यवृत्ती, मग कर्ज, हा क्रम ठेवा. खासगी बीएस्सी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या पोर्टलवर असतात. बहुतेक सवलती सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतात. व्यवस्थापन कोट्यातून घाईने घेतलेला प्रवेश इथे महागात पडतो.

बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. ते एक वर्ष म्हणजे प्रश्न ७ मधला नोंदणीचा काळ आणि नोकरीचा शोध. ते ट्रेनीच्या पगारात वाया घालवू नका.

१५. कॉलेज म्हणतं मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडे राहतील, आणि दोन वर्षं आमच्याच रुग्णालयात काम करायचं.

मूळ कागद तपासून परत घ्या, साक्षांकित प्रती द्या. कागद अडकले की नोंदणी अडकते आणि नोंदणी अडकली की मुलगी कमी पगारात तिथेच राबते. बॉण्डवर सही करण्याआधी त्यातला पगार, मुदत आणि सोडल्यास भरायची रक्कम वाचा. पगाराचा आकडा कोरा असेल तर सही नको. सरकारी संस्थेतल्या सेवेच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या प्रवेश पुस्तिकेत आधीच छापलेल्या असतात.

१६. शिकतानाच सगळा खर्च निघेल असा एखादा मार्ग आहे का?

आहे, मुलींसाठी : लष्करी नर्सिंग सेवा. चार वर्षांची बीएस्सी, राहणं आणि रेशन सरकारचं, वर विद्यावेतन. शेवटी लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचं आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीचं नर्सिंग कॉलेज आपल्याच राज्यात आहे. प्रवेशाला ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते, सेवेचा बॉण्ड असतो, आणि बदली देशात कुठेही. सैन्यातल्या नर्सिंग अधिकाऱ्यांना पगाराशिवाय महिना १०,८०० लष्करी सेवा वेतन मिळतं. घरची परिस्थिती बेताची आणि मुलगी अभ्यासात चांगली असेल तर हा मार्ग सर्वांत आधी बघा. बहुतेक पालकांना तो ठाऊकच नसतो.

१७. मुलगा आहे. त्याला नोकरी मिळेल?

मिळेल. अभ्यासक्रम, नोंदणी, श्रेणी सगळं तेच. जागा मात्र कमी : एम्सच्या भरतीत ८० टक्के पदं महिलांसाठी आहेत. आयसीयू, अपघात विभाग, ऑपरेशन थिएटर आणि डायलिसिसमध्ये ब्रदर्सना चांगली मागणी असते, तिकडचा अनुभव लवकर घ्या.

१८. विषय राहिले तर किती वर्षांत पूर्ण करायचं?

बीएस्सी जास्तीत जास्त आठ वर्षांत. एखादा विषय राहिला म्हणून घाबरू नका. पण इंटर्नशिप मागे पडते आणि तिच्यामागे नोंदणीही, हा हिशोब आईवडिलांना मोकळेपणाने सांगा.

१९. कर्नाटकात ‘हजेरी न लावता’ जीएनएम करून देतो असं एजंट म्हणतो.

पैसे देऊ नका. प्रश्न ६ मधला हजेरीचा नियम देशभराचा आहे. हात न चालवता मिळालेलं प्रमाणपत्र घेऊन वॉर्डात उभी राहिलेली मुलगी रुग्णासाठी धोका असते, आणि पडताळणीत पकडली गेली तर नोकरीही जाते.

खरोखर दुसऱ्या राज्यात राहून, मान्य संस्थेत शिकला असाल तर अडचण नाही. तिथल्या परिषदेत नोंदणी करून, ना हरकत घेऊन महाराष्ट्रात नोंदणी करता येते. त्याला लागणारा वेळ पगाराच्या हिशोबात वेगळा धरा.

२०. लग्नानंतर आठ वर्षं काम केलं नाही. नोंदणी संपली का?

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे (सीएनई) तास लागतात, वर्षाला ३० प्रमाणे पाच वर्षांत १५०. मुदत टळली असेल तर परिषदेकडे नूतनीकरणाचा अर्ज करा, शिक्षण वाया गेलेलं नाही. परतताना थेट आयसीयू मागू नका. दोन-तीन महिने जनरल वॉर्डात हात बसू द्या. औषधं आणि यंत्रं बदलली आहेत, माणसं आजारी पडतात ती तशीच.

२१. परदेशात शिकतानाच पगार मिळतो म्हणतात. तिकडेच जावं का?

जर्मनीत मिळतो. तिथलं परिचर्येचं प्रशिक्षण तीन वर्षांचं आहे आणि सार्वजनिक रुग्णालयांत पहिल्या वर्षापासून महिना हजार युरोंहून अधिक विद्यावेतन असतं. त्यातूनच कर, विमा, घरभाडं जातं. पण आधी जर्मन भाषा बी-१ किंवा बी-२ पातळीपर्यंत शिकावी लागते, त्याला एक वर्ष सहज लागतं आणि त्या वर्षाचा खर्च तुमचा.

इथे शिकून ब्रिटनला जायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची सीबीटी आणि तिथे गेल्यावर ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. ती पास होऊन तिथला नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत अनेक रुग्णालयं नर्सच्या बँड ५ या वेतनश्रेणीऐवजी खालच्या बँडचा पगार देतात. करारात त्या मधल्या महिन्यांचा पगार किती आणि ओस्कीच्या दुसऱ्या प्रयत्नाची फी कोण भरणार, हे दोन्ही विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.